भिरंडाचं यंत्र

मे महिन्यातला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई चाललेली. सुकी सुंगटं, चिंचेचे गोळे, कांद्याच्या माळा, माडाचा गूळ, लाल मिरच्यांचे ढीग, आणि या सगळ्यांच्या वासात मिसळलेला सोलांचा, म्हणजे आमसुलांचा, तो आंबट, थोडा धुरकट वास. ओळखीतल्या एका बचत गटाच्या टेबलाचा कोपरा मला मिळाला होता. तिथे मी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं यंत्र मांडलं होतं, शेजारी टोपलीभर ताजी भिरंडं. एकेक भिरंड वाटीत ठेवायचं, दांडा खाली दाबायचा, अर्धा पीळ द्यायचा. सालीची दोन भकलं वेगळी होतात, बिया गरासकट खालच्या भांड्यात पडतात. माणसं थांबून बघत होती, पोरं दांडा दाबायला रांगेत होती. समोरच सोलं विकायला बसलेली एक बाई गिऱ्हाईक नाही असं बघून उठून आली. साठीच्या पुढची असावी. बोटांची टोकं जांभळट-काळी. तिने एक भिरंड फोडून पाहिलं, दुसरं फोडलं, मग यंत्र उचलून उलटं केलं. खालच्या वाटीत, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये गर अडकला होता. तिने त्यात करंगळी घालून पाहिली आणि विचारलं, ‘‘बाये, हें धुवपाचें कशें?’’

मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून दाखवला. चार स्क्रू, वाटी सुटते, धुऊन परत बसवायची. तिने मान हलवली. ‘‘बरें आसा,’’ म्हणाली आणि यंत्र जपून, अगदी काचेचं भांडं ठेवावं तसं, टेबलावर ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसली.

ते ‘बरें आसा’ माझ्या डोक्यातून जाईना. त्यात नापसंती नव्हती. असती तर वाद घालता आला असता. तिने काम पाहिलं, दाद दिली आणि स्वतःच्या आयुष्यात त्या वस्तूला जागा नाही हे ओळखून ती निघून गेली. दिवसभर भिरंडं फोडून झाल्यावर तिन्हीसांजेला, दिव्याच्या उजेडात, चिकट हातांनी स्क्रू ड्रायव्हर कोण शोधणार? आणि शोधला तरी चारातला एक स्क्रू मोरीत पडणार, हे तिला दिसलं होतं.

या यंत्राची सुरुवात गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, झाली. आई माहेरची बेळगावची. भिरंड म्हणजे काय हे तिला लग्नानंतर कळलं, पण शिकली ती आजीच्या हाताखाली, म्हणजे पक्की शिकली. एप्रिल सरता सरता पोफळींच्या सावलीत भिरंडांचा सडा पडायला लागतो. गोळा करायची, धुवायची, आणि मग मागच्या पडवीत पाट मांडून फोडायला बसायचं. सुरीने सालीभोवती एक चीर द्यायची, ती नेमकी सालीपुरती. खोल गेली तर बी कापली जाते, आणि भिरंडेल, म्हणजे बियांचं तेल, काढायचं तर बी अख्खी हवी. मग दोन अंगठे चिरेत घालून फळ पिळायचं. गर आणि बिया मीठ घातलेल्या भांड्यात, साली सुपात. साली उन्हात घालायच्या, त्या आगळात, म्हणजे भिरंडाच्या खारवलेल्या रसात, बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. सोल काळंभोर आणि मऊ व्हायचं तर हे चुकत नाही. सगळं काम डोक्यावरच्या आभाळाशी बोली करून चाललेलं असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की अर्धवट वाळलेल्या सोलांवर बुरशी धरते आणि महिन्याची मेहनत शेणखईत जाते. म्हणून हात थांबवता येत नाही. आईच्या अंगठ्यांना नखांच्या कडेला भेगा पडायच्या, त्या भेगांत आंबट रस आणि मीठ. रात्री ती हाताला भिरंडेल चोळत बसायची. भिरंडाने फाडलेलं भिरंडानेच सांधायचं. मी शाळेत असल्यापासून हे बघत आले. पुढे पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दर्जा तपासणीच्या कामाला लागले, दिवसभर बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हातात, आणि तरी घरी आल्यावर ते अंगठे बघायचे. एक दिवस वहीच्या मागच्या पानावर दोन वाट्या आणि मध्ये गोल पातं असं चित्र काढलं. कल्पना म्हणाल तर एवढीच.

कल्पनेचं यंत्र केलं मामाने. त्याचं कुंडईला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा सेट. तरुणपण त्याने बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यांत काढलं. गोव्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी बोलणं तिथलंच आहे. माझं चित्र त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘‘पोरी, भिरंडं सगळी एका मापाची असतात काय गं?’’ नसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातीस’ अशा निवडक जाती दिल्या आहेत, त्यांची कलमं लावली तर फळ बरंचसं सारखं मिळतं. पण आमच्याकडची झाडं बियांपासून आपोआप उगवलेली, एकेक झाड वेगळ्या वळणाचं. त्यात भिरंडाची नर आणि मादी झाडं वेगळी. रोपापासून वाढलेल्यांतली जवळजवळ निम्मी नर निघतात, हे कळेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. ओढ्याकाठच्या झाडाचं फळ लिंबाएवढं, विहिरीजवळच्याचं जेमतेम सुपारीएवढं. म्हणून वाटीला सिलिकॉनचं अस्तर आलं आणि खाली स्प्रिंग आली, म्हणजे लहान-मोठं फळ सारखंच धरलं जाईल. मामाला हातात स्प्रिंग खेळवताना बघणं हे त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं सुख होतं.

मग पात्याची कथा. पहिलं पातं साध्या लोखंडाचं होतं. भिरंडाचं आम्ल त्याला एका रात्रीत खाऊन गेलं. सकाळी पातं काळं पडलेलं, आणि त्याने चिरलेल्या सालीच्या कडेवरही काळी रेघ. मामा म्हणाला, तीनशे चार लावू. तीनशे चार म्हणजे स्वयंपाकघरातलं आपलं नेहमीचं स्टेनलेस स्टील, अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, आठेक टक्के निकेल. आम्लाला ते पुरून उरलं. पण फोडणारी बाई त्याच हाताने मिठाच्या भांड्यातला गर ढवळते आणि पुढचं भिरंड उचलते. मीठ पात्यापर्यंत पोचतंच. काही आठवड्यांनी पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसायला लागले. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी तपकिरी ठिपका. मिठाचा हा मार सोसतं ते तीनशे सोळा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खड्डे पडण्याला ते आडवं येतं. ते महाग पडतं. आमच्या घरापुरतं एकच यंत्र करायचं असतं तर महिन्या-दीड महिन्याच्या हंगामाला तीनशे चार चाललं असतं. आईने पातं लगेच धुऊन पुसून ठेवलं असतं. पण ज्या घरात हे यंत्र जाईल तिथली बाई ते तसंच मोरीच्या कट्ट्यावर टाकून निजायला जाईल, आणि तिने तसं का करू नये? दमलेली असेल ती.

घरचं यंत्र आणि विकायचं यंत्र यांतला फरक मला इथे पहिल्यांदा दिसला.

घरच्या यंत्राशेजारी आपण उभे असतो. कुठे अडतं, कुठे दांडा किंचित उचलून धरायचा, कुठलं फळ आडवं ठेवायचं, हे आपल्या हाताला ठाऊक असतं, आणि यंत्राच्या उणिवा आपला हात न सांगता भरून काढत असतो. विकलेल्या यंत्राबरोबर आपला हात जात नाही. ते एकटं जातं, अनोळखी माणसाकडे, जिथे त्याची बाजू मांडायला कोणी नसतं. म्हणून त्यात आपल्या हाताची जागा घेणारं काहीतरी ओतावं लागतं. जास्त जाडीचा पत्रा, उलटी बसूच शकणार नाही अशी खाच, बोट आत जाणार नाही असा आडोसा. शोधाच्या गोष्टी सांगताना आपण कल्पना सुचल्याचा क्षण सांगतो, आणि हे सगळं काम गोष्टीबाहेर राहतं. माझ्या मते खरी बुद्धी इथेच लागते.

मामाच्या वर्कशॉपमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा एक जुना फोटो आहे, कॅलेंडरातून कापून लावलेला. बेळगावात त्यांनी सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र केलं, 1903च्या सुमाराला लोखंडी नांगर केला. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. लहानपणी ही गोष्ट ऐकताना शेतकरी अडाणी वाटायचे. आता तसं वाटत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट त्या तुकड्यावर आहे त्याने अनोळखी वस्तू मातीत घालण्याआधी भ्यायलाच हवं. दुसरी गोष्ट मिक्सरची. सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनियर होते. घरचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि इथे तो दुरुस्त होईना. मऊ पदार्थ घुसळायला केलेल्या त्या मोटरीला आपलं रोजचं वाटण झेपणारं नव्हतं. त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटर बसवून 1963मध्ये कंपनी काढली, आणि सुमीत मिक्सर घरोघर गेला. आमच्या घरीही होता. नारळ, धणे, मिरच्या, चिंच असं सगळं एकदम त्यात पडायचं आणि तो घरघरत सगळं मऊसूत वाटायचा. आजीला पाट्या-वरवंट्याची चव हवी असायची, तरी माशांच्या हुमणाला तिने मिक्सरच लावला. मिक्सरची कल्पना माथूरांच्या आधीही जगात होती. त्यांनी पाहिलं ते आपल्या बायकांचं वाटण.

बाजारात यंत्र मांडण्याआधी मी पेटंटचा तात्पुरता अर्ज केला होता. हे मुद्दाम सांगते, कारण ओळखीतली कितीतरी हुशार माणसं आधी जत्रेत, प्रदर्शनात, मोबाइलवरच्या व्हिडिओत आपली वस्तू दाखवून मोकळी होतात आणि मग अर्जाचं बघतात. आपणच जगाला दाखवलेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना तेवढी मुदतीची सवलत आहे, शुक्रवारच्या बाजाराला नाही. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, ते ऑनलाइन भरता येतात, आणि एकट्या माणसाला त्याची सुरुवातीची फी 1600 रुपये आहे. तात्पुरत्या अर्जाने तारीख पदरात पडते. तिथून 12 महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यायचा, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. 1970च्या या कायद्याचं तिसरं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. माहितीतल्या वस्तू नुसत्या नव्या तऱ्हेने शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं काम सुटंसुटंच करत राहिली, तर तो शोध धरत नाहीत. म्हणजे माझी वाटी, माझं पातं आणि माझी स्प्रिंग यांनी मिळून असं काहीतरी केलं पाहिजे जे त्यांतल्या एकाला एकट्याने जमत नाही. फळ जितकं लहान तितकं पातं कमी खोल जावं, ही जी सांगड आहे ती माझी. बाकी पातं कोणाचं, वाटी कोणाची? पेटंटच्या सरकारी संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट शोधता येतात. तिथे फळं चिरायच्या तऱ्हा बघत बसलं की रात्र सरते, आणि आपल्या आधी किती जणांनी किती जीव ओतला आहे हे बघून ऊर भरून येतो.

तरी या अर्जाबद्दल माझ्या मनात दोन बाजू आहेत. आमच्या विळीच्या टोकाला खोवणी आहे. कोणे एके काळी कोणीतरी, बहुतेक एखाद्या बाईच्या सांगण्यावरून एखाद्या लोहाराने, चिरायचं पातं आणि नारळ खोवायचे दाते एका लोखंडात आणले. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. काजूच्या बोंडूचा रस भाटीवर चढवून पहिली फेणी ज्याने काढली त्याचंही नाही. फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तो मुलखाच्या नावाने मिळाला, आणि तेच योग्य आहे. भिरंड चिरून पिळायची रीत आजीने आईला दिली, आईने मला. यंत्र त्याच रीतीची नक्कल करतं. मग त्यावर माझं एकटीचं नाव कसं घालू? पण नाव घातलं नाही तर उद्या भांडवलवाला कोणी तेच यंत्र हलक्या पत्र्यात ठोकून विकेल, त्याने बायांची बोटं कापतील, आणि मला बोलायला तोंड राहणार नाही. म्हणून अर्ज केला. समाधान अर्धंच आहे.

किमतीचा हिशेब मांडायला बसले तेव्हा मात्र झोप उडाली. सुरी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. आमच्या यंत्राला नुसतं तीनशे सोळाचं पातं, सिलिकॉन आणि मामाच्या लेथचे तास धरले तरी दीड हजाराच्या खाली काही येईना. त्यावर खोका, वाहतूक, दुकानदाराचा हिस्सा, आणि मोडलं तर बदलून द्यायची तजवीज. खोक्यावर सगळ्या करांसह किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रार कुठे करायची हे सगळं नियमाने छापावं लागतं. एकदा छापलेली किंमत म्हणजे दिलेला शब्द. वाट्या प्लास्टिकच्या केल्या तर एकेक नग स्वस्त पडतो, पण त्याआधी साचा करावा लागतो, आणि साच्याचे पैसे हजारो नग खपल्यावरच वळते होतात. आणि आमचा हंगाम महिना-दीड महिन्याचा. परसात दोन झाडं असलेलं घर एवढे पैसे त्यासाठी का घालेल? मोठ्या कुळागरवाल्याला परवडेल. पण मोठा कुळागरवाला स्वतः भिरंडं फोडत नाही.

फोडायला येते ती शेवंतीकाकी. खरं नाव घालत नाही. ती आमच्या वाड्यावरची, हंगामात तीन-चार घरची भिरंडं मजुरीने फोडते. बाजारातून परत आल्यावर तिला यंत्र दाखवलं. तिचा हात इतका बसलेला की सुरीने ती यंत्राच्या बरोबरीने चालली. मग पीळ देऊन बघताना अंगठ्याला काही लागत नाही हे लक्षात आल्यावर ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. ‘‘मशीन आयल्यार म्हाका कोण आपयतलें?’’ मशीन आलं तर मला कोण बोलावणार, या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता. आईचे अंगठे वाचवायला काढलेली वस्तू शेवंतीकाकीच्या मे महिन्याच्या कमाईवर घाला घालणार असेल, तर ती वस्तू कोणासाठी? यंत्र आलं की काम वाढतं, नवी कामं निघतात, असं कारखान्यात सगळे म्हणतात. असेलही. पण काकीला पुढच्या मेमध्येच नातीच्या शाळेची फी भरायची आहे.

मी यंत्र तिच्याकडेच ठेवून आले. तिच्या ओसरीवर, स्क्रू ड्रायव्हरसकट, वापरायचं कसं हे न सांगता. हंगामाचे शेवटचे दिवस होते. परत आणायला गेले तेव्हा यंत्राचा अवतार बदललेला. खालची वाटी तिने कायमचीच काढून टाकली होती, स्प्रिंग खिडकीत. वाटीच्या जागी नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून बसवला होता, तळाला भोक पाडलेला, म्हणजे गर अडकायलाच नको. करवंटी रबरासारखी दबत नाही, म्हणून लहान-मोठ्या फळांसाठी तिने दोन करवंट्या केल्या होत्या आणि भिरंडं आधीच दोन टोपल्यांत निवडून घेतली होती. धुवायचं म्हणजे करवंटी उचलायची आणि तांब्याभर पाणी ओतायचं. शिवाय ती आता शेजारच्या वाड्यावरचीही भिरंडं फोडायला घेत होती, त्यांच्या घरी न जाता, स्वतःच्या ओसरीवर, वजनावर पैसे ठरवून. मी यंत्र उचलायला गेले तर म्हणाली, राहू दे, अजून दोन घरची टोपली यायची आहे.

मामाला ती करवंटी नेऊन दाखवली. त्याने ती उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं, व्हर्नियरने भोक मोजलं. ‘‘बाईनं बरोबर केलंय,’’ म्हणाला. आता खालची वाटी स्क्रूशिवाय, फिरवून अडकवायची असेल, दोन मापांत येईल आणि तळाला मोकळी असेल. स्प्रिंग गेली. स्प्रिंगबरोबर माझी ती सांगड, फळ बघून पात्याची खोली बदलणारी, तीही बरीचशी गेली, आणि तिच्यावरच अर्जाचा भार होता. संपूर्ण तपशील कसा लिहायचा ते नव्याने बसवावं लागेल. वाटी अडकवण्याच्या खाचेत काही सापडतं का ते बघते आहे. सापडलं तर शोधक म्हणून दोन नावं जातील. काकीला सही येते, मी विचारून घेतलं आहे. नाही सापडलं तर पेटंटवाचून विकायचं, पत्रा मात्र जाडच ठेवायचा.

मामाचं म्हणणं, फोंड्याच्या हार्डवेअरवाल्यांकडे चार-चार नग ठेवू, खपतील तसे खपतील. मला ते पटत नाही. दुकानाच्या फळीवर त्याच्याशेजारी कोणी नसेल, आणि विकत घेणारा बहुतेक तो असेल ज्याला काकीची मजुरी वाचवायची आहे. माझं म्हणणं, पहिले दहा नग फोडणाऱ्या बायांच्या हातात जावेत. सावईत, केरीत, वाळपईच्या बाजूला. हंगामात फोडलेल्या मालावर हप्त्याने पैसे, आणि मोडलं तर मामा दुरुस्त करून देईल. मामा म्हणतो, असा धंदा होत नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण दहा नगांचं तीनशे सोळा त्याने कालच कापायला घेतलं.